‘गेले वर्ष’ आणि ‘वर्ष गेले’ : इंग्रजी भूतकृदंत, पदक्रमविपर्यय आणि मराठी अनुवादाचा प्रश्न

१

दोन भाषांतील साहित्याची तुलना करताना आशयसूत्रे, वाङ्मयप्रकार, मिथके आणि प्रभाव यांचा आपण विस्ताराने विचार करतो. वाक्यातील पदांचा क्रम मात्र व्याकरणकारांकडे सोपवून मोकळे होतो. एखाद्या लेखकाच्या शैलीसंबंधी लिहिताना ‘इंग्रजी वळणाचे वाक्य’ असा शेरा मारला जातो; पण ते वळण वाक्यात नेमके कोठे आहे, हे सहसा सांगितले जात नाही. क्रियापद आधी आणि कर्ता नंतर आला की हा शेरा विशेष तत्परतेने येतो. अनुवादाच्या परीक्षणात याच्या उलटही घडते. मूळ इंग्रजी वाक्यात पदक्रम उलटलेला असेल आणि मराठी वाक्यात तो सरळ असेल, तर अनुवादकाने ‘शैली गमावली’ असा आक्षेप घेतला जातो. एकच घटना एकदा दोष ठरते आणि एकदा गुण ठरते. कसोटीच निश्चित नसल्याचे हे लक्षण आहे.

प्रस्तुत निबंधात ही कसोटी शोधण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी इंग्रजी वाक्यरचनेतील एकच मर्यादित घटना निवडली आहे : भूतकाळवाचक धातुसाधित, म्हणजेच भूतकृदंत, वाक्यारंभी येते आणि कर्ता साहाय्यक क्रियापदाच्या पलीकडे जातो, ती रचना. ‘हिडन बिहाइंड द टेम्पल वॉज अ‍ॅन ओल्ड वेल’ हे तिचे साधे उदाहरण. तिच्याच शेजारी इंग्रजीत आणखी एक रचना नांदते, ती म्हणजे नामामागून येणारे भूतकृदंत. मिल्टनच्या महाकाव्याचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे शीर्षक तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. या दोन्ही रचनांत कृदंत आपली नेहमीची जागा सोडते. ती सोडल्याने इंग्रजीत काय साधते, मराठीत तेच कशाने साधते आणि पदक्रमाची नक्कल केल्यास काय बिघडते, हे तीन प्रश्न येथे घेतले आहेत.

२

प्रथम इंग्रजीतील वस्तुस्थिती पाहू. इंग्रजी भूतकृदंत एकटे विधान करू शकत नाही. त्याला ‘हॅव’ची जोड मिळाली की पूर्ण काळ होतो, ‘बी’ची जोड मिळाली की कर्मणि प्रयोग किंवा स्थितिवाचक विधान होते आणि कोणतीच जोड नसेल तर ते विशेषण म्हणून नामाला चिकटते. ‘अ ब्रोकन वॉल’ आणि ‘द वॉल वॉज ब्रोकन’ यांतील ‘ब्रोकन’ रूपाने एकच आहे. पहिल्यात ते विशेषण आहे आणि दुसऱ्यात विधेयाचा भाग आहे, हा निर्णय पदक्रम आणि साहाय्यक क्रियापद यांवरच अवलंबून असतो. विभक्तिप्रत्यय गमावलेल्या भाषेला क्रमाचा असा आधार घ्यावा लागतो.

पदक्रमविपर्यय इंग्रजीत दोन प्रकारचा आढळतो आणि समीक्षेत या दोहोंची गल्लत होते. पहिल्या प्रकारात फक्त साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. मुख्य कृदंत कर्त्यानंतरच राहते. ‘नेव्हर हॅव आय सीन’ किंवा ‘हॅड आय नोन’ ही त्याची उदाहरणे. निषेधवाचक अव्यय पुढे आल्यामुळे किंवा संकेतार्थ दाखवण्यासाठी व्याकरणच ती रचना मागते. दुसऱ्या प्रकारात पूर्ण विधेय पुढे येते आणि कर्ता वाक्याच्या शेवटी जातो. विहिरीचे वरील वाक्य या प्रकारचे. येथे व्याकरणाची सक्ती नाही. वक्त्याने ही रचना निवडलेली असते.

या निवडीमागे काय असते? बेटी बर्नर यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इंग्रजी विपर्ययाचे संभाषणातील कार्य तपासले आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, पुढे आणलेला घटक मागे टाकलेल्या घटकापेक्षा त्या संभाषणात अधिक अपरिचित असता कामा नये. देऊळ आधी बोलण्यात आलेले असते. विहीर नवी असते. परिचित देवळापासून अपरिचित विहिरीपर्यंत वाचकाला नेणे हे त्या क्रमाचे काम. म्हणूनच ‘हिडन बिहाइंड द टेम्पल वॉज इट’ असे वाक्य इंग्रजी भाषकाच्या कानाला खटकते; ‘इट’ हे सर्वनाम परिचिताचे असते आणि शेवटची जागा नवागताची असते. थोडक्यात, हा विपर्यय बहुतेक वेळा भावनेचा आवेग दाखवत नाही. तो रंगमंचाची मांडणी करतो. आधी नेपथ्य दिसते, मग पात्र प्रवेश करते.

या रचनेचा इतिहासही लक्षात घ्यावयास हवा. प्राचीन इंग्रजीत वाक्यारंभी क्रियाविशेषणासारखे पद आले की क्रियापद दुसऱ्या स्थानी आणि कर्ता त्यानंतर, अशी प्रबळ प्रवृत्ती होती. जर्मन आणि डच भाषांत क्रियापदाचे हे द्वितीय स्थान आजही नियम म्हणून टिकून आहे. भारतीय आर्यभाषांपैकी काश्मिरीतही तसा नियम आहे, हे तौलनिक अभ्यासकांना परिचित आहे. मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीने ही व्यवस्था बरीचशी सोडली आणि कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम घट्ट झाला. आज दिसणारे विपर्यय हे बऱ्याच अंशी त्या जुन्या व्यवस्थेचे अवशेष आहेत.

‘गॉन आर द डेज’ या रूढ शब्दसंहतीत आणखी एक अवशेष दडला आहे. आजच्या इंग्रजीत ‘गो’ या धातूचा पूर्ण काळ ‘हॅव’ने होतो. पूर्वी गतिवाचक अकर्मक धातू ‘बी’ घेत असत. शेक्सपिअरच्या काळी ‘इज कम’, ‘इज गॉन’ ही रूपे सर्रास होती. जर्मन आणि फ्रेंच भाषांनी तो भेद अजून राखला आहे. इंग्रजीने तो सोडला, तरी ‘गॉन आर’ या उलट्या क्रमात तो सुरक्षित राहिला. ‘गॉन हॅव द डेज’ असे कोणी म्हणत नाही. पुढे येणारे कृदंत क्रियेपेक्षा क्रियेनंतरच्या स्थितीचे वाचक असावे लागते, असा याचा अर्थ. दिवस गेले ही घटना येथे दुय्यम आहे. ते आता नाहीत ही स्थिती प्रधान आहे.

३

आता नामामागून येणाऱ्या कृदंताकडे वळू. ‘लॉस्ट पॅरडाइज’ आणि ‘पॅरडाइज लॉस्ट’ यांत शब्द तेच आहेत. पहिल्यात एक स्थळ आहे आणि ते हरवलेले आहे. दुसऱ्यात स्थळापेक्षा हरवण्याची घटना पुढे येते. या रचनेचे मूळ लॅटिनमध्ये आहे. लिव्हीच्या रोमन इतिहासाचे ‘आब उर्बे कॉन्दिता’ हे रूढ नाव शब्दशः ‘स्थापिलेल्या नगरापासून’ असे होते. पण त्याचा अर्थ ‘नगराच्या स्थापनेपासून’ असा घ्यावा लागतो. नाम आणि भूतकृदंत मिळून लॅटिन भाषा क्रियावाचक नामाचे काम करून घेते. हीच वाट पुढे युरोपीय महाकाव्याच्या शीर्षकांत रूढ झाली. टासोच्या महाकाव्याचे १५८१ साली प्रसिद्ध झालेले शीर्षक ‘मुक्त केलेले जेरुसलेम’ अशा शब्दांचे असले, तरी त्याचा विषय जेरुसलेमची मुक्तता हा आहे. मिल्टनचे महाकाव्य १६६७ साली दहा सर्गांत आणि १६७४ साली बारा सर्गांत प्रसिद्ध झाले. १६७१ साली ‘पॅरडाइज रिगेन्ड’ आले. ऑटवेचे ‘व्हेनिस प्रिझर्व्ह्ड’ (१६८२), शेलीचे ‘प्रॉमिथ्यूस अनबाउंड’ (१८२०) आणि विसाव्या शतकातील ईव्हलिन वॉची ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९४५) ही कादंबरी हे सारे त्याच कुळातले.

मिल्टनच्या वाक्यरचनेवरील वाद या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. अ‍ॅडिसनने १७१२ साली ‘स्पेक्टेटर’मधील लेखमालेत पदांची अदलाबदल आणि नामानंतर विशेषण ठेवण्याची लकब यांचे समर्थन केले, महाकाव्याची भाषा गद्यापासून उंच ठेवण्याची ती साधने आहेत, असे त्याचे म्हणणे. जॉन्सनने १७७९ च्या मिल्टनचरित्रात शब्द इंग्रजी आणि वळण परकीय, असा ठपका ठेवला. विसाव्या शतकात लिव्हिस यांनी हा ठपका अधिक कठोर केला. एलियट यांनी १९३६ साली मिल्टनची वाक्यरचना विचाराच्या गरजेपेक्षा नादाच्या गरजेने गुंतागुंतीची होते, असे मत मांडले आणि १९४७ च्या व्याख्यानात ते बरेच सौम्य केले. ख्रिस्तोफर रिक्स यांनी १९६३ साली मिल्टनच्या भव्य शैलीवरील ग्रंथात अनेक स्थळे तपासून, तेथील पदक्रम अर्थाचेच काम करतो, हे दाखवून दिले.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : पदक्रम बदलला की तो लॅटिनमुळेच बदलला. वर पाहिलेला इतिहास ध्यानात घेतला तर हे गृहीत अर्धेच खरे ठरते. नामामागून कृदंत ठेवून घटना सुचवण्याची रीत लॅटिनची आहे, यात शंका नाही. परंतु क्रियापद कर्त्याच्या आधी आणण्याची रीत इंग्रजीच्या स्वतःच्या पूर्वेतिहासातली आहे. मिल्टनच्या काळी ती नुकतीच मावळत होती. महाकाव्याच्या आरंभी तर कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल मुळी नाहीच. तेथे विषय सांगणारा संबंधसूचक पदबंध पहिल्या ओळीपासून लांबत जातो आणि वाग्देवतेला उद्देशून केलेले आज्ञार्थी क्रियापद सहाव्या ओळीत येते. हा क्रियापदाचा विलंब आहे. विपर्यय, विलंब आणि नामोत्तर कृदंत या तीन वेगळ्या गोष्टींना ‘लॅटिनी वळण’ हे एकच नाव दिल्याने टीका आणि समर्थन दोन्ही ढोबळ राहिली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यात आणखी एक गमतीची बाब आहे. क्रियापदासाठी सहा ओळी थांबणे इंग्रजी वाचकाला कठीण वाटते. मराठी वाचक वाक्याच्या अखेरीपर्यंत क्रियापदाची वाट पाहतच वाढलेला असतो. तो विलंब मराठीत जसाच्या तसा उतरला, तरी त्यातले असाधारणत्व मावळते. रचना टिकते आणि परिणाम जातो. तौलनिक शैलीविचारात हे सूत्र पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

४

‘पॅरडाइज लॉस्ट’ हे शीर्षक मराठीत कसे आणावे? ‘हरवलेला स्वर्ग’ म्हटले तर नजर स्थळावर स्थिरावते आणि कृतीला स्मरणरंजनाची छटा येते. ‘स्वर्ग हरवला’ म्हटले तर वाक्य पूर्ण होऊन बातमी तयार होते. ‘स्वर्गनाश’ किंवा ‘स्वर्गच्युती’ म्हटले तर घटना हाती येते; पण ‘लॉस्ट’मधील ‘आता उरले नाही’ ही स्थिती फिकी होते. शिवाय एडन ही बाग आहे, स्वर्गलोक नव्हे, हा प्रश्न वेगळाच. तरीही या तीन पर्यायांत तिसरा मूळ रचनेच्या अधिक जवळ जातो, असे माझे मत आहे. लॅटिन आणि इंग्रजी भाषा नाम आणि कृदंत यांच्या जोडीने जे करतात, ते आपल्या परंपरेत क्रियावाचक नामाचा षष्ठी तत्पुरुष करतो. ‘वेणीसंहार’, विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ (१८४३), खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) आणि ‘विद्याहरण’ (१९१३) ही शीर्षके पाहावीत. ‘वध पावलेला कीचक’ असे नाव कोणाला सुचले नाही आणि सुचले असते तर ते नाटकाचे नाव वाटले नसते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही हाच भेद दिसतो. इंग्रजी मथळा साहाय्यक क्रियापद गाळून ‘मिनिस्टर अरेस्टेड’ म्हणतो. मराठी मथळा ‘मंत्र्याला अटक’ म्हणतो. एकीकडे कृदंत आहे आणि दुसरीकडे क्रियावाचक नाम.

संस्कृत नाट्यशीर्षकांचा एक वर्ग मात्र याहून सूक्ष्म आहे. ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नामाचा परंपरागत विग्रह ‘अभिज्ञानाने स्मरलेली शकुंतला’ असा करतात आणि तिला विषय करून रचलेले नाटक, असा अर्थ लावतात. ‘स्वप्नवासवदत्त’ म्हणजे स्वप्नात दिसलेली वासवदत्ता, ‘मुद्राराक्षस’ म्हणजे मुद्रेने पकडलेला राक्षस. तिन्ही ठिकाणी भूतकृदंत विग्रहात आहे आणि समासात लुप्त झाले आहे. मिल्टनचे शीर्षक कृदंत उच्चारून मागे ठेवते. संस्कृत शीर्षक कृदंत गाळते आणि ते भरून काढण्याचे काम प्रेक्षकावर सोपवते. नाटक पाहून झाल्यावरच ‘स्मरलेली’ हा शब्द त्याच्या मनात जुळतो.

शाकुंतलाच्या इंग्रजी अनुवादांची नावे या प्रकाशात बोलकी होतात. विल्यम जोन्स यांनी १७८९ साली ‘द फेटल रिंग’ असे उपशीर्षक दिले. मोनिअर विल्यम्स यांनी १८५५ साली ‘द लॉस्ट रिंग’ असे दिले. दुसऱ्या शीर्षकात भूतकृदंत अखेर प्रकट झाले, पण ते शकुंतलेचे नव्हे, अंगठीचे. आणि तेही नामापूर्वी, विशेषण म्हणून. स्मरणाची घटना गेली आणि हरवलेली वस्तू उरली. १८८० साली किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ असे नाव ठेवले, तेव्हा ‘अभिज्ञान’ही गळले. परंतु मराठी प्रेक्षकाला कथा ठाऊक होती आणि लुप्त पदाची पूर्ती त्याच्या स्मृतीतून होत होती. व्हिक्टोरियन वाचकाला ती सोय नव्हती. शीर्षकातील कृदंताची जागा ही अशा रीतीने वाचकाच्या पूर्वज्ञानाचीही मोजणी असते.

५

आता मराठी कृदंताचा स्वभाव पाहू, कारण अनुवादातील खरी अडचण येथे आहे. इंग्रजीत भूतकृदंत विधानासाठी परावलंबी आहे. मराठीत ते स्वतःच क्रियापद झाले आहे. ‘गेला’ हे रूप मूळचे कृदंत : संस्कृत ‘गत’, त्याचे प्राकृत रूप आणि त्याला लागलेला ‘ल’युक्त प्रत्यय. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात या ‘ल’काराची चिकित्सा केली आहे, तो ग्रंथ वा. गो. परांजपे यांच्या अनुवादातून १९४१ पासून मराठीत उपलब्ध आहे. बंगालीतील ‘गेलो’, ओडियातील ‘गला’, भोजपुरीतील ‘गइल’ ही रूपे त्याच गोत्रातील आहेत. हिंदी ‘गया’मध्ये मात्र तो प्रत्यय नाही. बंगालीने लिंगभेद सोडून या रूपाला पुरुषवाचक प्रत्यय लावले. मराठीने लिंगवचन राखले. ‘तो गेला, ती गेली, ते गेले’ यांत क्रियापद विशेषणासारखे बदलते, कारण ते एकेकाळी विशेषणच होते.

सकर्मक धातूंत ही जुनी ओळख अधिक स्पष्ट आहे. ‘त्याने पत्र लिहिले’, ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ यांत कृदंत कर्माशी जुळते आणि कर्ता तृतीयेत राहतो. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी लेखात करविणारा तृतीयेत आहे आणि ‘करवियलें’ हे रूप शेवटी आहे. मराठी प्रदेशाबाहेर, कन्नड भूमीत उभ्या असलेल्या या लेखात मराठी वाक्याचा हा कणा पुरेपूर दिसतो. येथे इंग्रजीशी एक अनपेक्षित साम्य भेटते. ‘हॅव’ने होणारा इंग्रजी पूर्ण काळही मुळात ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेले आहे’ अशा अर्थाच्या रचनेतून आला आणि प्राचीन इंग्रजीत ते कृदंत काही वेळा कर्माशी जुळत असे. पुढे इंग्रजीने कृदंत कर्त्याकडे ओढले आणि कर्माच्या आधी आणून बसवले. मराठीने ते कर्माशीच ठेवले. ‘तू पत्र लिहिलेस’ यातील ‘स’ तेवढा कर्त्याची खूण करतो.

कृदंत क्रियापद झाल्यावर विशेषणाची जागा रिकामी पडली. जुन्या मराठीत ‘ला’कारान्त रूप दोन्ही कामे करी. आज विशेषणासाठी ‘गेलेला’, ‘केलेला’ ही रूपे आहेत आणि त्यांत ‘ल’ दोनदा ऐकू येतो. जुनी व्यवस्था काही गोठलेल्या शब्दसंहतींत शिल्लक आहे. ‘पिकले पान’ म्हणताना आपण ‘पिकलेले’ म्हणत नाही. ‘गेले वर्ष’ हे त्याहून बोलके उदाहरण. ‘गेले वर्ष’ म्हणजे मागील वर्ष. ‘वर्ष गेले’ म्हणजे वर्ष संपले. शब्द दोन, रूपे तीच आणि भेद केवळ क्रमाने होतो. ‘लॉस्ट पॅरडाइज’ आणि ‘पॅरडाइज लॉस्ट’ यांतील भेद मराठीत कोठेच नाही, असे म्हणणाऱ्याने ही जोडी आठवावी.

मग विधान करणारे ‘गेले’ वाक्यारंभी आणायचे असेल तर मराठी काय करते? ‘गेले दिवस’ म्हटले तर ते विशेषण होईल आणि ऐकणारा पुढील क्रियापदाची वाट पाहील. म्हणून मराठी ‘गेले ते दिवस’ म्हणते. दर्शक सर्वनाम ‘ते’ मध्ये येताच ‘गेले’ विधेय म्हणून वेगळे होते. इंग्रजीतही नेमके असेच आहे. ‘गॉन डेज’ हा विशेषणयुक्त पदबंध आहे. ‘आर द’ मध्ये आल्यावर ‘गॉन’ विधेय होते. इंग्रजीत बिजागरीचे मुख्य काम साहाय्यक क्रियापद करते, मराठीत दर्शक सर्वनाम करते. हे साम्य उसनवारीचे नाही. दोन भाषांनी आपापल्या साधनांनी एकच पेच सोडवला आहे. विशेषण आणि विधेय एका रूपात असणाऱ्या कोणत्याही भाषेला तो सोडवावाच लागेल.

६

विहिरीच्या वाक्याकडे परत येऊ. त्याची तीन मराठी रूपे संभवतात. पहिले : ‘देवळामागे एक जुनी विहीर दडलेली होती.’ दुसरे : ‘देवळामागे दडली होती एक जुनी विहीर.’ तिसरे : ‘दडलेली होती देवळामागे एक जुनी विहीर.’ अनुवादाच्या वर्गात मूळाचा पदक्रम जपण्याच्या निष्ठेने तिसरे रूप पुढे येते आणि पहिले रूप ‘सपाट’ म्हणून नाकारले जाते. येथेच चूक होते.

मूळ वाक्याचे काम परिचित स्थळापासून अपरिचित वस्तूकडे नेणे हे होते. मराठीच्या साध्या अस्तित्ववाचक वाक्यात ते क्रमानेच घडते : आधी स्थळ, मग नवी वस्तू, शेवटी क्रियापद. इंग्रजीला जे विपर्यय करून मिळवावे लागते, ते मराठीला सरळ क्रमात मिळते. तेव्हा पहिले रूप सपाट नाही. ते मूळाशी कार्याने समान आहे. दुसऱ्या रूपात कथनाचा सूर येतो आणि विहिरीसाठी वाचकाला क्षणभर थांबवले जाते. मूळ उताऱ्यात तो सूर असेल तर ते योग्यच. तिसरे रूप मात्र क्रियेवर असा भार देते की, कोणीतरी ‘विहीर दडलेली नव्हती’ असे म्हटले होते आणि त्याला हे उत्तर आहे, असे वाटू लागते. मूळात नसलेला वाद अनुवादात शिरतो.

याची दुसरी बाजू अशी की, मराठीत क्रियापद पुढे आणल्याने जे साधते ते इंग्रजी विपर्ययाने क्वचितच साधते. ‘आला एकदाचा पाऊस!’ यात सुटकेचा निःश्वास आहे. ‘मोडली ना काठी?’ यात बजावणी आहे. पाऊस किंवा काठी येथे नव्याने प्रवेश करणारे पात्र नाही. ती ऐकणाऱ्याला ठाऊकच आहे आणि म्हणून क्रियापदामागे टाकलेली आहे. इंग्रजीत शेवटची जागा नवागताची आहे. मराठी बोलीत क्रियापदानंतरची जागा बहुधा परिचिताची आहे. बाह्यतः सारखे दिसणारे दोन विपर्यय माहितीच्या दृष्टीने परस्परांच्या उलट दिशेने चालतात.

‘बहुधा’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. ‘एक होता राजा’ या लोककथेच्या आरंभात नवागत राजा क्रियापदानंतरच येतो. ही रचना इंग्रजी शिक्षणाने आणलेली नाही. आजीच्या गोष्टीतली आहे. लीळाचरित्रासारख्या तेराव्या शतकातील गद्यातही बोलणाऱ्याचा निर्देश आणि ‘म्हणणे’ या धातूचे रूप उक्तीच्या आधी येते. म्हणजे कथनाच्या मराठीत क्रियापदाला पुढे येण्याची परवानगी पूर्वीपासून आहे. आधुनिक कथाकाराने संवादानंतर ‘म्हणाला तो’ असे लिहिले, तर त्यात इंग्रजी कादंबरीचा संस्कार असू शकेल. पण केवळ क्रमावरून तो सिद्ध होत नाही. त्या लेखकाकडे देशी परवाना होता.

७

मग इंग्रजी भूतकृदंताचा मराठीवर खरा परिणाम कोठे झाला? माझ्या मते तो विपर्ययात झाला नाही; नामापूर्वीच्या ‘लेला’युक्त विशेषणांच्या साखळीत झाला. इंग्रजीत नामामागून कृदंताचा लांब पदबंध ठेवता येतो. मराठी अनुवादक तो पदबंध उचलून नामापुढे आणतो आणि ‘समितीने गेल्या वर्षी सादर केलेल्या व शासनाने मान्य केलेल्या अहवालात नमूद करण्यात आलेल्या शिफारशी’ अशी रचना तयार होते. पदक्रम मराठीच आहे, एकही पद उलटलेले नाही, तरी वाचकाचा श्वास अडकतो. ‘जो-तो’ची देशी रचना हा भार दोन वाक्यांत वाटून देते : समितीने जो अहवाल गेल्या वर्षी सादर केला आणि जो शासनाने मान्य केला, त्यात या शिफारशी आहेत. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर प्रशासकीय मराठीचा व्याप वाढला आणि ‘करण्यात आलेला’ ही शब्दसंहती तिची मुद्रा बनली. ‘लेला’ हा प्रत्यय अस्सल मराठी आहे. परकेपण आहे ते त्याच्या वारंवारतेत आणि ‘जो-तो’च्या माघारीत.

मराठी गद्याच्या इतिहासाला येथे एक धागा जुळतो. ज्या जॉन्सनने मिल्टनवर परकीय वळणाचा ठपका ठेवला, त्याच जॉन्सनची ‘रासेलस’ ही कथा चिपळूणकर पितापुत्रांनी मराठीत आणली. १८७४ मध्ये निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्र्यांचे गद्य जॉन्सन आणि मेकॉले यांच्या वाचनावर पोसले होते. तरीही त्यांचे वाक्य मराठी वाटते, कारण त्यांनी इंग्रजीतून तोल घेतला, पदांच्या जागा घेतल्या नाहीत. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. या दोहोंच्या मधल्या काळात मराठी गद्याने इंग्रजी वाक्याशी जो व्यवहार केला, त्याचा हिशेब पदक्रमापुरता मांडून चालणार नाही.

८

वरील विवेचनावरून अनुवादाच्या आणि प्रभावाच्या परीक्षणासाठी तीन प्रश्न सुचवावेसे वाटतात. इंग्रजी वाक्यातील विपर्यय व्याकरणाने मागितलेला आहे की लेखकाने निवडलेला? निवडलेला असेल, तर त्याचे काम परिचितापासून अपरिचिताकडे नेण्याचे आहे की भावनेचा जोर दाखवण्याचे? आणि तेच काम मराठी कोणत्या साधनाने करते : सरळ पदक्रमाने, दर्शक सर्वनामाने, क्रियावाचक नामाने की ‘ला’ आणि ‘लेला’ यांतील निवडीने? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ‘इंग्रजी वळण’ किंवा ‘शैली गमावली’ हे शेरे देऊ नयेत.

हा आग्रह केवळ पारिभाषिक काटेकोरपणाचा नाही. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठी साहित्य बहुतांशी अनुवादातून वाचले जाते आणि इतर भाषांचे साहित्य मराठीत येताना अनेकदा इंग्रजीच्या वाटेने येते. बंगाली किंवा ओडिया वाक्यातील ‘ल’कारान्त क्रियापद इंग्रजीत पोचताना कृदंत आणि साहाय्यक अशा दोन तुकड्यांत विभागले जाते. मराठी अनुवादक ते दोन तुकडे प्रामाणिकपणे दोन पदांनी भाषांतरित करतो. बंगाली ‘गेलो’ला मराठीत ‘गेला’ हे सख्खे भावंड हजर असताना तेथे ‘गेलेला होता’ येऊन बसते. मधल्या भाषेच्या व्याकरणाने दोन भगिनीभाषांमध्ये भिंत उभी केलेली असते आणि ती कोणाला दिसत नाही, कारण वाक्य व्याकरणशुद्ध असते. असे अनुवाद वाचताना प्रत्येक ‘लेला’पाशी थोडे थांबावे आणि तो मूळ लेखकाचा आहे की मधल्या इंग्रजीचा, हे विचारावे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हे काम व्याकरणकारावर सोपवून चालणार नाही.